हौसाकाकींची सिटी

“गाडी खुशाल न्या,” हौसाकाकी म्हणाल्या, “पर चावी मिळायची न्हाई.”

इलाहीभाई शिकलगार यांच्या हातातील बशी ओठांपर्यंत पोहोचली होती, ती तेथेच थांबली. जुन्या गाड्यांच्या व्यवहारांत मध्यस्थी करणे हा इलाहीभाईंचा व्यवसाय होता आणि मध्यस्थाला मौन परवडत नाही. मी काकींच्या मुखाकडे पाहिले. त्या विनोद करीत असाव्यात असे कोणतेही चिन्ह तेथे नव्हते. सोप्यात पाटावर बसून त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या आणि दाणे शांतपणे सुपात टाकत होत्या.

“चावीबिगर न्यायची कशी, काकी?” इलाहीभाईंनी अखेर विचारले. “ढकलत?”

“जनावर इकताना दावं देत असत्यात व्हय?” काकींनी उलट विचारले. “दाव्यासंगं घरची लक्षुमी जाती. ज्यानं जनावर घेतलं त्यानं आपलं दावं आनायचं, गळ्यात घालायचं आन न्यायचं. चावी म्हंजी गाडीचं दावं. ती ह्या घरात ऱ्हानार.”

इलाहीभाई मला बाजूस घेऊन अंगणात आले. ही बाई गेल्या दिवाळीपासून गिऱ्हाइके परत पाठवीत आहे, असे त्यांनी मला तेव्हा कोठे सांगितले. एका मास्तरांनी तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिले. ते तिने ऐकून घेतले आणि त्यांना गूळ-शेंगदाणे देऊन वाटेला लावले. एका ठेकेदाराने चावीचे वेगळे पैसे देऊ केले. त्याला तर चहाही मिळाला नाही. “आता तुम्हीच काय ते बोला, महिपतराव,” इलाहीभाई म्हणाले. “माझी जीभ दमली.”

ज्या गाडीपायी हे चालले होते तिच्याविषयी येथे दोन शब्द लिहिणे क्रमप्राप्त आहे. काकींच्या गोठ्यात, जेथे पूर्वी खिलारी बैलांची जोडी उभी राहत असे, तेथे चंदेरी रंगाची होंडा सिटी उभी होती. ह्या नावाची गाडी तेव्हाही बरीच वर्षे निघत होती आणि आजही निघते. दर काही वर्षांनी तिचा चेहरामोहरा पालटतो, नाव मात्र तेच राहते. एखाद्या घराण्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवावे, तद्वत. काकींची गाडी म्हणजे त्या घराण्यातील आजोबा होते. अंगाने चपटी, नाक लांब, बूड जमिनीला टेकलेले. पाच माणसे आरामात बसतील आणि मागच्या डिकीत बाळंतिणीचे सर्व सामान मावेल, एवढे तिचे पोट मोठे होते. गोठ्याची जमीन शेणाने सारवलेली आणि गाडीच्या काचा आरशासारख्या. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी एव्हाना मरावयास हवी होती. परंतु काकींनी चावी स्वतःच्या हाताने फिरवून दाखवली तेव्हा इंजिन पहिल्याच हाकेला ओ देऊन उठले. हे कसे, असे इलाहीभाईंनी विचारल्यावर, “करतंय कोन तरी चालू अधनंमधनं,” एवढेच त्या म्हणाल्या आणि चावी पुन्हा कमरेच्या बटव्यात गेली.

मला ती गाडी हवी होती. हवी होती असे म्हणणे सौम्य झाले. मला तिची निकड होती. माझी पत्नी वैजयंता पहिल्या बाळंतपणासाठी दिघंचीस माहेरी गेली होती. आम्हांस कन्यारत्न झाले, बारसे झाले, आणि आता तिला सासरी आणावयाची वेळ आली. माझ्याजवळ त्या काळी एक छोटा टेंपो होता. त्यात मी आटपाडी भागातून डाळिंबांचे क्रेट वाहून नेत असे. लग्नानंतर वैजयंता दोन वर्षे त्याच टेंपोच्या केबिनमध्ये बसून माहेरी येत-जात राहिली आणि तिने कधी ब्र काढला नाही. ब्र काढला तो तिचे वडील ज्योतिरामआबा यांनी. बारशाच्या पंगतीत, सर्व पाहुण्यांसमक्ष, ते म्हणाले की, माझी लेक आणि नात डाळिंबाच्या क्रेटांसंगे जाणार नाही. जावईबापूंनी गाडी आणावी आणि मग न्यावी. माझे थोरले साडू शेजारी बसून जिलबी खात होते. त्यांच्याजवळ जीप होती. ते हसले नाहीत, पण जिलबी जरा सावकाश खाऊ लागले.

मी तेथेच शब्द दिला की, अधिक महिना लागण्याच्या आत, येत्या गुरुवारी, स्वतःच्या गाडीतून येईन. टेंपोवर साठवलेले पैसे होते. प्रश्न केवळ गाडी मिळण्याचा होता. आबांचा स्वभाव मला माहीत होता. त्या गुरुवारी मी गाडीविना गेलो असतो तर लेक सासरी न धाडण्याचा अधिक महिना त्यांच्या मदतीस धावून आला असता, आणि माझी लेक आणखी महिनाभर मला परक्यासारखी पाहावी लागली असती.

मी पुन्हा सोप्यात गेलो. माझे वडील बैलांचे शौकीन होते. त्यांनी विकलेल्या प्रत्येक जनावराचे दावे आमच्या आढ्याला टांगलेले मी लहानपणी पाहिले होते. काकी बोलल्या ते मला विचित्र वाटलेच नव्हते. शाळा नववीतच सुटलेल्या माणसाच्या डोक्यात पुस्तकांनी पुष्कळ गोष्टी घातल्या, पण आढ्यावरची ती दावी काही बाहेर काढली नाहीत.

“काकी, तुमचं बरोबर आहे,” मी म्हणालो. “दावं आमचं आम्ही आणतो.”

काकींच्या हातातील शेंग फुटली नाही. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले.

“म्हंजी?”

“म्हणजे नवी चावी करून आणतो आणि तिनं गाडी नेतो. तुमची चावी तुमच्याकडं.”

इलाहीभाईंचे पिढीजात काम कुलपे-किल्ल्यांचेच होते. गाड्यांचा धंदा त्यांनी मागाहून सुरू केला. दुकानात चावी घासण्याचे यंत्र अद्याप होते. त्या काळच्या चाव्यांत हल्लीसारखी इलेक्ट्रॉनिक भानगड नसे. मूळ चावी नसली तरी कुलपावरून नवी घडवता येई. हे सर्व मी काकींना समजावून सांगितले. मला वाटले त्या प्रसन्न होतील. त्या म्हणाल्या, “बगा मग,” आणि सूप उचलून आत गेल्या.

तो मंगळवार होता आणि बुधवारी इलाहीभाईंना कराडला जाणे होते. म्हणून आम्ही गुरुवारी सकाळीच पोहोचलो. मी टेंपो काकींच्या अंगणात लावला. अंगावर लग्नातील सफारी होती, कारण तेथूनच मला दिघंचीस जावयाचे होते. इलाहीभाई गोठ्यात गाडीशेजारी मांडी घालून बसले. कोरी चावी मेणबत्तीवर काळी करावी, कुलपात घालून हलकेच हलवावी, बाहेर काढून काजळीवर कोठे ओरखडा उठला ते पाहावे आणि तेवढेच कानशीने घासावे, असे ते काम. ते करताना इलाहीभाई बोलत नाहीत. त्यांचा हा एकच मौनाचा उद्योग आहे.

काकी मात्र त्या दिवशी बोलू लागल्या. प्रथम त्या म्हणाल्या की, आज गुरुवार, गोठ्यातून काही बाहेर काढू नये. मी म्हणालो, गाडी शुक्रवारी घेतल्याचे समजू. मग त्या म्हणाल्या, कुलूप जुने आहे, हट्टी आहे, शेठचेसुद्धा ऐकत नसे. शेठ म्हणजे त्यांचे दिवंगत यजमान. आमच्या खानापूर तालुक्यातून पुष्कळ कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी दूरदूरच्या प्रांतांत गेली आहेत. सूर्यवंशी शेठ तमिळनाडूत सेलमला गेले आणि उतारवयात माळवाडीला परतले. मुलगा तेथेच दुकान पाहतो. गाडी विकून टाक, उभी राहून सडेल, असे तो दर आठवड्याला फोनवर सांगत असे. एवढे सांगून झाल्यावर काकींनी जेवण करूनच जाण्याचा आग्रह धरला. शेंगोळे करते म्हणाल्या. मी दिघंचीस दुपारपर्यंत पोहोचावयाचे आहे असे सांगितले आणि का पोहोचावयाचे आहे, तेही सांगितले. आबांची पंगतीतली वाणी ऐकून त्यांनी तोंडाला पदर लावला. नंतर हळूच विचारले, “पोरगी कुनावर गेलीय?”

“अजून समजत नाही. रडते मात्र आबांसारखी.”

त्याच वेळी गोठ्यातून कट्ट असा आवाज आला आणि पाठोपाठ इंजिनाचा. इलाहीभाई काळ्या हातांनी, हसऱ्या मुद्रेने बाहेर आले. मी काकींना नमस्कार करण्यासाठी वळलो. त्या चुलीपुढे उभ्या होत्या. एखाद्याच्या घरातून वरात निघावी आणि घरधन्यालाच कोणी कळवलेले नसावे, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“मला एकडाव फिरवून आन,” त्या म्हणाल्या. “मग ने.”

ही तर साधी इच्छा होती. त्या माझ्या शेजारी, पुढच्या आसनावर बसल्या. इलाहीभाईंना अंगणात चहासह ठेवून आम्ही निघालो. काकींनी गावातून नको, मागच्या पाणंदीने पाझर तलावाकडे चल, असे सांगितले. मी टेंपोचा मनुष्य. टेंपोचा गिअर बैलाच्या शिंगासारखा धरून वाकवावा लागतो; सिटीचा गिअर बोटांनी हलत होता आणि मला ते जमत नव्हते. दुसरा टाकताना मोठा करकर आवाज झाला. काकींनी डोळे मिटले.

तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. मी पुढचा गिअर टाकण्यासाठी क्लच दाबणार, त्याच्या निमिषमात्र आधी काकींचा डावा पाय समोरच्या मोकळ्या पायपुसण्यावर दाबला गेला. मी गिअर बदलला. त्यांचा पाय अलगद वर आला. पुढे खड्डा होता. माझ्या आधी त्यांचा उजवा पाय दाबला गेला. मी मुद्दाम आणखी एकदा गिअर बदलून पाहिला. त्यांचा पाय चुकला नाही. चुकला तो माझाच.

“अर्ध्यात सोडू नगं,” काकी पुढे पाहत म्हणाल्या. “तळापातूर दाब, मग सोड.”

मी तलावाच्या कोरड्या पात्राशी गाडी उभी केली आणि त्यांच्याकडे वळून बसलो. काही विचारावे लागले नाही. काकींनी काचेतून समोरच्या माळाकडे पाहत जे सांगितले त्याचा सारांश असा.

ही गाडी घेतली त्याच वर्षी शेठना साखरेच्या विकाराने दिसेनासे होऊ लागले. ड्रायव्हर ठेवायचा तर गाडीत नेहमी सोने. परक्या माणसावर विसंबायचे कसे? म्हणून शेठनी काकींना शिकवले. सेलममध्ये नऊवारीतली बाई गाडी चालवते याचे पहिल्या आठवड्यात लोकांना नवल वाटले आणि दुसऱ्या आठवड्यात ते ओसरले. तेथे त्या गाडी-अम्मा झाल्या. दुकानाची ने-आण, मुलाची शाळा, कधी बेंगळुरू. दरवर्षी यात्रेला गावी यायचे तर सारा प्रवास काकीच चालवीत. फक्त माळवाडीच्या अलीकडे, शेवटच्या वळणावर, बाभळीखाली गाडी थांबायची. काकी उतरून डावीकडे यायच्या, शेठ उजवीकडे जायचे. तेथून पुढे गाव येईपर्यंत काकी हळू आवाजात सांगत, जरा डावीकडं, आता सरळ, म्हस हाय, थांबा. बैलगाडीच्या गतीने गाडी गावात शिरत असे.

“आन गाव म्हनायचं,” काकी म्हणाल्या, “शेठची चाल कशी राजावानी हाय. जरा म्हनून घाई न्हाई.”

त्या हसल्या आणि मीही हसलो. हसणे ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “ते गेलं. आता शेजारी बसवायला कोन न्हाई, मग मी कुठल्या त्वांडानं उजवीकडं बसू? पोरगाबी म्हनतो, तितं चाललं, गावात नगं, लोक काय म्हनतील. गोठ्यातल्या गोठ्यात चालू करती, बंद करती. ईक म्हनला, बरं म्हनलं. दाव्याचं कुनाला पटायचं न्हाई असं वाटलं हुतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तू येडा निगालास. तुला पटलं.”

मी चावी फिरवली नाही. गाडी माझी झाली होती, किंमत ठरली होती, शब्द दिलेला-घेतलेला होता. दिघंचीत सर्व मंडळी वाट पाहत होती. मी विचार केला असे लिहिले तर ते असत्य होईल; मला एवढेच जाणवत होते की, त्या करकरणाऱ्या गिअराने बाईंचे डोळे एकदा मिटले आहेत आणि दिघंची अजून लांब आहे.

“काकी,” मी म्हणालो, “मला टेंपोची सवय. बाळंतीण आणायची आहे. दिघंचीपर्यंत तुम्ही चालवता का?”

त्यांनी आधी नाही म्हटले. मग ही वाट गावाला न लागता भिवघाटाला निघते का, असे विचारले, जणू त्यांना ते माहीत नव्हते. मग चपला काढून आसनाखाली सारल्या, ओचा घट्ट खोवला आणि उतरून उजवीकडे आल्या. बटव्यातून त्यांनी सेलमचे लायसन काढून मला दाखवले. मी मागितले नव्हते. मी इलाहीभाईंना फोन करून, टेंपोकडे लक्ष ठेवा, आम्ही परस्पर निघतो, असे कळवले. गाडी कोण चालवत आहे ते सांगितले नाही. ते बेशुद्ध पडले असते तर टेंपो पाहणार कोण?

काकींच्या हाती ती गाडी निराळीच झाली. भिवघाटाच्या वळणावर मी डोळे मिटून घेतले असते तर गिअर केव्हा बदलला हे सांगू शकलो नसतो. करगणीच्या पुढे एक एस.टी. बराच वेळ वाट देईना. काकींनी तमिळ भाषेत काहीतरी पुटपुटून तिला मागे टाकले. त्याचा अर्थ मी विचारला नाही. आयुष्यात प्रथमच मी डावीकडे बसून रस्त्याच्या कडेची झाडे पाहत होतो. मला ती इतकी आहेत हे ठाऊक नव्हते. आटपाडीनंतर काकी गुणगुणू लागल्या.

दिघंचीच्या अलीकडे, वेशीची कमान दिसू लागली तेथे, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली गेली आणि थांबली. बाजूला एक कडुनिंब होता. काकींनी हँडब्रेक ओढला, पदर डोक्यावर सारखा केला आणि दार उघडले. हे त्यांनी इतक्या सवयीने केले की, मला ते समजण्यास क्षणभर लागला.

“हं, ये हिकडं,” त्या म्हणाल्या. “सासुरवाडीला जावई चालवत गेल्याला बरा दिसतो. मी सांगते, कुठं दाबायचं ते.”

आबांची ओसरी, पंगत, जिलबी हे सारे माझ्या डोळ्यांसमोर आले. शब्द असा होता की, स्वतःच्या गाडीतून येईन. उजवीकडे बसलो की तो शब्द पुरा होत होता. काकी रस्त्यावर अनवाणी उभ्या होत्या. ऊन तापलेले होते आणि त्या एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होत्या.

“राहू द्या, काकी,” मी म्हणालो. “बसा. पाय भाजतील.”

“आरं, लोक बगतील.”

“बघू देत. मी शेजारी आहे ना.”

काकी तशाच उभ्या राहिल्या. मग त्या आत बसल्या आणि त्यांनी दार दोनदा ओढून लावले, पहिल्या वेळी ते नीट लागले असूनही.

आबांची गल्ली अरुंद आहे. बारशाला थोरल्या साडूंची जीप उलटी घालताना तीन माणसे हातवारे करीत होती. त्याच गल्लीत काकींनी एकदा आरशात पाहिले, मान मागे वळवली आणि सिटी उलट्या चालीने एका दमात थेट ओसरीच्या पायरीला आणून लावली. ओसरीवर आबा होते, साडू होते, शेजारपाजारच्या बाया होत्या. उजवीकडच्या दारातून प्रथम नऊवारीचा काठ बाहेर आला, मग अनवाणी पाय, मग काकी. सर्व मंडळी तिकडेच पाहत राहिली. डावीकडून सफारीतला जावई उतरला हे बहुधा कोणाच्या ध्यानातही आले नाही.

“जावईबापू,” आबा घसा खाकरून म्हणाले, “सोताच्या गाडीतनं येतो म्हनला हुतासा. मग ह्या बाई कोन?”

“घ्यायला गेलो होतो, आबा,” मी म्हणालो. “घेतली नाही. गाडी ह्यांची आहे आणि ह्यांनीच आणली.”

हे वाक्य उच्चारीपर्यंत मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते. काकी माझ्याकडे न पाहता पदराने पुढची काच पुसू लागल्या. काच स्वच्छच होती. साडूंनी हातावरची तंबाखू झटकली आणि ओसरीवर कोणीतरी हलकेच हसले. आबांची छाती वर आली. आता अधिक महिना निघणार हे मी ओळखले.

तेवढ्यात वैजयंता बाळाला घेऊन उंबऱ्यात आली. तिने गाडी पाहिली, काकींकडे पाहिले, मग माझ्या सफारीकडे पाहिले. ती बोलली ते आबांशी, आणि अगदी साध्या आवाजात.

“आबा, लेक गाडीतनं धाडीन म्हनला हुतासा. गाडी कुनाची, ह्ये कुठं ठरलं हुतं?”

आबा थांबले. ते तोंडाचे तिखट, पण व्यवहाराला चोख. दिलेल्या शब्दाबाहेर एक अक्षर मागणार नाहीत. त्यांनी तो शब्द मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला असावा. त्यानंतर ते आत वळून, भाकरतुकडा आणा, म्हणाले. सासूबाईंनी वैजयंतावरून आणि बाळावरून भाकरतुकडा ओवाळला, मग थोडा विचार करून काकींवरूनही ओवाळला. आबांनी स्वतः दार धरले. मी जवळ उभा होतो म्हणून मला ऐकू आले. ते काकींना विचारत होते की, घाटात पोरीच्या कानाला वारं लागणार नाही ना? काकींनी सांगितले की, काच वर केली की आत वारे येत नाही. आबांनी ती काच स्वतः वर-खाली करून पाहिली.

वैजयंता मागे बसेल अशी माझी कल्पना होती. तिने बाळ माझ्या हाती दिले, “धरा,” म्हणाली, आणि पुढे काकींच्या शेजारी जाऊन बसली. गाठोडी डिकीत गेली. मी मागच्या प्रशस्त आसनावर एकटा, मांडीवर कन्या, असा निघालो. भिवघाटापर्यंत त्या दोघींचे पुढे काय चालले होते ते मला अर्धेच ऐकू आले. क्लच कोणता, हा प्रश्न मात्र मी स्पष्ट ऐकला, आणि तो विचारणारी माझी पत्नी होती.

“मग घ्यायची न्हाई व्हय रं?” काकींनी मध्येच आरशातून मला विचारले.

“नाही.”

“पोराला काय सांगू?”

“गिऱ्हाईक पसंत पडलं नाही म्हणून सांगा.”

“ते खरंच हाय,” काकी म्हणाल्या. “लई गेर घासतोस तू.”

माझा टेंपो त्यांच्या अंगणात असल्याने आम्ही प्रथम माळवाडीस निघालो. ह्या वेळी पाणंदीने जाता येत नव्हते. उन्हे उतरली होती आणि रानातून परतणारी गुरे पाणंदीत भरली होती. काकींनी गाडी मुख्य रस्त्याने घेतली. गुरांच्या मागे धूळ आणि धुळीच्या मागे गाव दिसू लागले. ते शेवटचे वळण आले. बाभळ मी लगेच ओळखली; तिच्याखालची जमीन चाकांनी दबून घट्ट झालेली होती. गाडीचा वेग उतरला. वैजयंता बोलता बोलता थांबली. काकींचा हात हँडब्रेकवर गेला आणि तेथेच राहिला. मी उतरून पुढे यावे, अशी माझी सिद्धता होती असे म्हणता येणार नाही. माझ्या मांडीवर लेक झोपली होती आणि तिची मूठ माझ्या सफारीच्या गुंडीत अडकलेली होती.

काकींनी हँडब्रेकवरचा हात काढला. बाभळ मागे गेली.

पुढचा रस्ता मोकळा होता. एक कोंबडेसुद्धा आडवे आले नव्हते. तरीही काकींनी तळहात हॉर्नवर ठेवला आणि दाबला, आणि गावात शिरेपर्यंत तो उचलला नाही. माझी लेक दचकून जागी झाली आणि तिनेही आबांच्या आवाजात सूर लावला. दोन्ही बाजूंची दारे उघडू लागली.